लाल टिकल्यांचे दिवस

माझा स्वभाव बापावर गेलाय असं सगळे म्हणतात. असं म्हणणाऱ्याचं थोबाड फोडावंसं वाटतं, म्हणजे ते खरंच असणार. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी आकड्यांबद्दल बोलणार आहे आणि आकड्यांची माणसं शांत असतात असा एक समज आहे. मी शांत नाही. मी संख्याशास्त्र शिकायला बसले ते एका माणसाला निर्दोष ठरवण्यासाठी, आणि तो माणूस माझ्या आईला मारत होता.

आम्ही मूळचे खानदेशातले. बाप लग्नाआधीच सुरतेला आला आणि लिंबायतला खोली घेऊन लूमच्या खात्यात कामाला लागला. मी दहावीत असताना एका दुपारी त्याच्या मागावरचा धोटा सुटला. धोटा लाकडाचा असतो, दोन्ही टोकांना लोखंड असतं, आणि चालत्या मागावर तो इकडून तिकडे असा फेकला जातो की डोळ्याला नुसती रेघ दिसते. तो बापाच्या उजव्या कानाच्या वर बसला. हाड आत गेलं. बरोबरच्या कारागिरांनी त्याला मागावरच्याच कोऱ्या कापडात गुंडाळून रिक्षात घातलं. कापडातून रक्त गळत रिक्षाच्या पायरीवर आलं होतं, ते मी दवाखान्याच्या दारात पाहिलं.

बाप वाचला. तीन महिन्यांनी त्याला फिट यायला लागल्या, तेव्हा लूमचं काम सुटलं आणि तो पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये दाराशी बसायच्या कामाला जाऊ लागला. आणि त्याच सुमारास तो मायला मारू लागला. पट्ट्याने मारायचा, पाण्याच्या कळशीने मारायचा, हाताला काही लागलं नाही तर केस धरून भिंतीवर आपटायचा. एकदा आपटण्याने भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. मायच्या भुवईतून रक्त वाहत होतं आणि तिने आधी कॅलेंडर उचलून परत खिळ्याला लावलं. दुसऱ्या दिवशी बाप म्हणायचा, "माले याद ऱ्हास नही. डोकं फिरी जास मनं." धोट्याने माणूस बदलला, हे अख्ख्या गल्लीने मान्य केलं. मीही केलं. दुसरं काही मान्य करायचं तर मला त्याच्याबरोबर एका खोलीत राहता आलं नसतं.

बी.एस्सी. झाल्यावर मी मेंदूच्या दवाखान्यात टेक्निशियन झाले. डोक्यावर एकोणीस ठिकाणी तारा चिकटवायच्या आणि आतली हालचाल कॉम्प्युटरवर रेघांच्या रूपात उतरवून घ्यायची, हे माझं काम. नव्या टेक्निशियनला सरावासाठी डोकी लागतात. बाकीच्या मुली भावाला नाहीतर मैत्रिणीला आणायच्या. मी बापाला आणायची. डॉक्टरांचीही ना नव्हती, त्यांना त्याच्या फिट पाहायच्याच होत्या. दर सुट्टीच्या दिवशी सकाळी बाप माझ्यासमोर खुर्चीत बसायचा, मी त्याचे केस बाजूला करून कातडी घासायची, पेस्ट लावायची. उजव्या कानाच्या वर खळगा होता. माझं बोट त्यात बरोबर बसायचं. इतकं गरीब बसलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आदल्या दिवशी त्याच हातांनी त्याने मायची बरगडी सुजवलेली असायची आणि माझी बोटं त्याच्या डोक्यावर हळुवार फिरत असायची. कातडी जोरात घासून रक्त काढावं असं कितीदा मनात आलं. दोन-तीनदा काढलंही. तो हूं की चूं करायचा नाही.

दवाखान्यातले डॉक्टर अशा रेकॉर्डिंगवर अभ्यास करणार होते आणि त्यांना संख्याशास्त्र शिकवायला आठवड्यातून दोनदा एक गुजराती मॅडम यायच्या. वय झालेल्या, सुती साडी नेसणाऱ्या, बोलायला फटकळ. मी मागच्या बाकावर बसायला परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, बेस, पण मध्ये उठून जायचं नाही. पहिले दोन महिने मला काही कळलं नाही. मग हळूहळू कळलं की रेकॉर्डिंग म्हणजे रेघा नव्हेत, आकड्यांचे ढीग आहेत. संथ लाटा किती, जलद लाटा किती, कुठल्या तारेखाली, कुठल्या क्षणाला. आणि दोन प्रकारच्या दिवसांचे असे ढीग समोरासमोर ठेवले तर त्यांच्यात फरक आहे का, हे विचारता येतं.

त्या दिवशी घरी येताना माझ्या पायांना पंख फुटले होते. माझ्याकडे दोन प्रकारचे दिवस होते!

त्याचं असं आहे. डॉक्टरांनी मायला सांगितलं होतं की फिटचे दिवस लिहून ठेवा. मायला लिहायचं अवघड. ती घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करते, डिंकाची बाटली आणि चमकीच्या पुड्या कायम मांडीशी. तिने फिटच्या तारखेवर चंदेरी टिकली चिकटवली. आणि कुणी न सांगता, मारलेल्या तारखेवर लाल. का लावली असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, डॉक्टरांना उपयोगी पडेल. डॉक्टरांनी त्या लाल टिकल्यांबद्दल कधीच विचारलं नाही.

माझ्याकडे बापाची चाळीस रेकॉर्डिंगं होती. आदल्या दिवशी लाल टिकली असेल तर त्या रेकॉर्डिंगला नाव दिलं ‘मार’, नसेल तर ‘शांत’. अठरा मार, बावीस शांत. मी एकोणीसच्या एकोणीस तारा तपासल्या, सगळ्या प्रकारच्या लाटा तपासल्या, सुरुवातीची मिनिटं, मधली, शेवटची. शोधत गेले आणि सापडलं. मारच्या दिवसांत दोन्ही कानशिलांजवळ जलद लाटा जास्त होत्या. स्क्रीनवर तो भाग लालभडक दिसत होता. मला रडू फुटलं. बापाच्या डोक्यातला राग मी डोळ्यांनी पाहिला होता, आणि तो त्याचा नव्हता, धोट्याचा होता.

तेव्हा माय माहेरी होती. बरगडीला तडा गेल्यावर मामा येऊन तिला घेऊन गेला होता आणि आता पाठवणार नाही म्हणाला होता. मी फोन लावला.

"माय, मशीनमा दिसनं. रोगच शे."

ती म्हणाली, "मंग त्यानी काय चूक? आजारी माणूसले सोडीसन आठे कशी ऱ्हाऊ?"

ती खानदेशातून येणाऱ्या तापी लाइनच्या गाडीने दुसऱ्याच दिवशी आली. मीच स्टेशनवर आणायला गेले होते. तिच्याकडे मामीने दिलेलं ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ होतं आणि ती खुशीत होती, हे मी विसरू शकत नाही.

आठव्या दिवशी बापाने तिचा डावा हात पिरगाळून मनगट मोडलं. कारण भाजीत मीठ. मी कामावरून आले तेव्हा माय उजव्या हाताने डावा हात धरून भिंतीशी बसली होती आणि बाप तिच्यासमोर जेवत होता. मी ताट उडवलं. मग त्याला मारलं. आधी हाताने, मग स्टुलाने, तो खाली पडल्यावर लाथांनी. तो डोकं दोन्ही हातांत धरून पडला होता आणि मी त्याचे हात बाजूला करून मारत होते, उजव्या कानाच्या वर, जिथे माझं बोट बसायचं तिथे. शेजारच्या दोन बायांनी मला ओढून काढलं नसतं तर मी थांबले नसते. माझ्या मुठीची सालटी निघाली होती. मला सगळं आठवत होतं, कुठला फटका कुठे बसला तेही. आणि बरं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटत होतं.

मायचं मनगट प्लास्टरमध्ये बसवून दोन दिवसांनी मी वर्गात गेले. मॅडमनी सुजलेला हात पाहिला. "हाथे शुं थयुं?" मी म्हटलं, पडले. वर्ग संपल्यावर मी लॅपटॉप उघडून त्यांना ते लालभडक चित्र दाखवलं. घरातला माणूस आहे हे सांगितलं नाही, एक पेशंट आहे एवढंच म्हटलं. माय परत आली ती या चित्राच्या भरवशावर, मग निदान चित्र तरी खरं असावं असं मला वाटत होतं.

मॅडमनी चष्मा वर केला आणि मूळच्या रेघा पाहायला मागितल्या. दोन मिनिटांत म्हणाल्या, हा मेंदू नाही, हा जबडा आहे. माणूस दात आवळून बसला की कानशिलाचे स्नायू ताणतात आणि त्यांची थरथर तारांमध्ये उतरते. मारामारीनंतर दुसऱ्या दिवशी तो दात आवळून बसत असेल, एवढंच.

मग त्यांनी विचारलं की किती ठिकाणी शोधलं होतं. मी सांगितलं, सगळीकडे.

"बेन, तें पहेलां जोयुं ने पछी पूछ्युं," त्या म्हणाल्या. आधी पाहिलंस आणि मग विचारलंस. हजार ठिकाणी पाहिलं तर कुठेतरी फरक दिसणारच, नुसत्या योगायोगाने. हे मला कापडाचं सांगितलं असतं तर मी लहानपणीच समजले असते. कुठल्याही मागाचा ताका घ्या आणि भिंग लावून बसा, तुटका धागा सापडतोच. तेवढ्यावरून माग बिघडलाय असं खात्यात कुणी म्हणत नाही. मी बापाच्या डोक्यावर भिंग लावून बसले होते आणि सापडलेला धागा घेऊन मायला फोन केला होता. त्या फोनने तिचं मनगट मोडलं. मला त्या क्षणी मॅडमचा लॅपटॉप जमिनीवर आपटावासा वाटला, माझा तर वाटलाच.

आपटला नाही. मी म्हटलं, मग बरोबर कसं करायचं ते शिकवा.

त्यांनी शिकवलं. आधी स्नायूंची थरथर काढून टाकायची. मग पडद्याकडे न बघता प्रश्न कागदावर लिहायचा: उजव्या कानाच्या वर, जखमेखाली, मारच्या दिवसांत संथ लाटा जास्त आहेत का? बस, एकच. त्यानंतर चाळीस चिठ्ठ्या करायला लावल्या, अठरांवर मार, बावीसवर शांत. त्या स्टीलच्या डब्यात घालून खळखळून हलवायच्या आणि कुठल्याही रेकॉर्डिंगला कुठलीही चिठ्ठी द्यायची. अशा खोट्या नावांनीही दोन ढिगांत थोडाफार फरक निघतोच. पुन्हा हलवायचं, पुन्हा काढायचं. पंधरा-वीस वेळा हाताने करायला लावलं, मग कॉम्प्युटरला हजार वेळा. खरा फरक या सगळ्या खोट्या फरकांच्या वर उठून दिसला तर त्याला काही अर्थ. त्यांच्यातच हरवला तर तो योगायोगाएवढाच.

तो हरवला. अगदी मधोमध. मी डबा भिंतीवर फेकला. चिठ्ठ्या खोलीभर झाल्या आणि मॅडम खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत.

"गोळा कर," त्या म्हणाल्या. "आणि एक लक्षात ठेव. फरक सापडला नाही म्हणजे फरक नाहीच, असं होत नाही."

मी चिठ्ठ्या गोळा करता करता त्या वाक्याला धरून बसले. म्हणजे रोग अजून असू शकतो. मामाचा फोन रोज येत होता, मनगटाचं कळल्यापासून तो पेटला होता. तो म्हणत होता, रविवारी येतो, काय ते एकदाच ठरवू. मायचं म्हणणं ठाम होतं की रोग असेल तर ती नवऱ्याला सोडणार नाही, नसेल तर एक दिवस राहणार नाही. आणि रोग आहे की नाही ते पोर सांगेल. म्हणजे मी.

मी मॅडमना विचारलं, आता कुठे चूक शोधू? त्या म्हणाल्या, तारा तपासल्यास, लाटा तपासल्यास, नावं तपासलीस का? मार आणि शांत ही नावं कुणी दिली? कुठल्या नियमाने?

घरी आले तेव्हा माय प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून एका हाताने टिकल्या लावत होती. मी कॅलेंडर काढून तिच्यासमोर ठेवलं आणि बिनटिकलीच्या एका तारखेवर बोट ठेवलं. त्या दिवशी बापाने मारलं नव्हतं ना? नाही, ती म्हणाली. हात लावलाच नव्हता? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी येडपटासारखं विचारतेय.

"थापडना काय हिसाब ठेवाना? ते तं रोजनंच शे. रगत उनं नहीतं सूज उनी, तं लाल टिकली लावी."

"रोज?"

"चहाले उशीर जया तं एक. जेवताना एक. ते काय मारनं शे का?"

मी पुढची तारीख दाखवली. त्याही दिवशी थापड होतीच, किती ते तिला आठवेना. पुढची. तीही. बावीसच्या बावीस. मी कॅलेंडर मांडीवर घेऊन बसले. दोन ढीग समोरासमोर ठेवायचे असतात, तर दुसरा ढीगच नव्हता. मार आणि शांत असा फरक मेंदूत सापडणार कुठून, घरातच नव्हता तर. जगातली कुठलीही पद्धत त्याला लावता आली नसती.

आणि मग मला त्याहून वाईट गोष्ट आठवली. धोटा लागण्याआधीची वर्षं. बाप रात्रपाळी करून यायचा, आंघोळीला पाणी गरम नसलं की माय दचकून एका बाजूला मान करायची आणि आवाज यायचा. मी पाटीवर पाढे लिहीत असायची. पाढा चुकायचाही नाही. धोट्याने माणूस बदलला असं मी दहा वर्षं म्हणत होते, कारण थापड मीही मोजली नव्हती. धोट्यानंतर फक्त जोर वाढला.

रविवारी मामा आला. जमिनीवर चटई टाकली, मामा भिंतीला टेकून बसला, बाप त्याच्यासमोर मान खाली घालून, दवाखान्यात माझ्यासमोर बसायचा तसाच गरीब. माय ओट्याशी चहा करत होती. मामा मला म्हणाला, "तू शिकेल शे. सांग, रोग शे का नही? रोग व्हई तं दवापानी करूत. नही व्हई तं बैनले लई जास."

बाप माझ्याकडे बघत होता. त्याच्या कानाच्या वर मी मारल्याचा काळानिळा डाग अजून होता. तो डोळ्यांनी मला विनवत होता की हो म्हण, आणि मी हो म्हणू शकले असते, खोटं नसतं. फिट होत्या, खळगा होता, रोग होताच. मी सांगायला सुरुवात केली. फिट रोगाच्या आहेत, गोळ्या बंद करायच्या नाहीत, पण मारण्याचं मशीनमध्ये काही...

तेवढ्यात माय चहा घेऊन आली आणि बापापुढे वाकली. प्लास्टरमुळे एका हातात ताटली, ती थोडी कलली आणि चहा बापाच्या पायावर सांडला. बापाने न बघता, मान खालीच ठेवून, उलट्या हाताने तिच्या गालावर एक ठेवून दिली. माय जराशी मागे झाली, ताटली सावरली आणि मामापुढे धरली. मामाने कप घेतला आणि मला म्हणाला, "हं, बोल. मशीनमा काय?"

"मामा, आत्ता काय झालं?"

"काय जयं?" मामाने इकडे तिकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता. चहा सांडला, ते त्याने पाहिलं होतं. दुसरं काही त्याला दिसलं नव्हतं. बापालाही नाही. तो पायावरचा चहा पुसत होता. माझा हात आपोआप स्टुलाकडे गेला आणि मी तो मांडीखाली दाबून धरला. मी मायकडे पाहिलं. मला मारायचं नव्हतं, मला सांगायचंही नव्हतं. माझं सांगून झालं होतं, एकदा फोनवर, आणि त्या सांगण्याने तिचं हाड मोडलं होतं.

मायच्या गालावर बोटं उमटत होती. ती चहाची ताटली हातात धरून उभी होती. मामा कप हातात घेऊन तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिने ताटली खाली ठेवली आणि मोकळा झालेला हात गालावर ठेवला.

"मारं," ती म्हणाली. मग भावाकडे वळून, मोठ्याने, "आते त्यानी माले मारं."